मूळ चित्र, छापील चित्र आणि घरची भिंत

पोलादपूर मागे टाकून कशेडी घाटाची चढण सुरू झाली, की जुन्या महामार्गाच्या एका वळणापाशी पांढऱ्या रंगाचे एक नवे घर लागते. आता बहुतेक वाहने बोगद्यातून पलीकडे खेडच्या हद्दीत उतरतात. जुन्या रस्त्यावरचा ट्रकांचा घरघराट ओसरला, म्हणून तर त्या वळणावर घर बांधण्याचा विचार कोणाच्या मनात येऊ शकला. घर आमच्या धर्मग्रामातल्या एका कुटुंबाचे. इकडचा धर्मग्राम म्हणजे वसईसारखी आळीला लागून आळी नव्हे. एक घर महाडच्या बाजारपेठेत, दोन-तीन औद्योगिक वसाहतीच्या आसपास, एखादे थेट घाटात. हे गृहस्थ मूळचे वसईकडचेच. महाडच्या कारखान्यात उभी हयात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर परत न जाता इथेच जमीन घेतली.

गेल्या जूनमध्ये घराला आशीर्वाद देण्यासाठी मी तिथे गेलो. पाऊस लागला होता. दिवाणखान्यात पाऊल टाकताच समोरच्या भिंतीवर एक चित्र दिसले. चार फूट उंच, तीन फूट रुंद, पिवळसर करड्या रंगाचे. वरच्या अंगाला काही काळपट खुणा, मध्ये एक धूसर पट्टा. माणूस नाही, झाड नाही, घर नाही. येशूच्या पवित्र हृदयाची जुनी तसबीर, जिच्यासमोर या कुटुंबाने भाड्याच्या दोन खोल्यांत तीस वर्षे जपमाळ म्हटली, ती आता बाजूला, जिन्याजवळच्या भिंतीवर होती.

गृहस्थ हळूच म्हणाले, "फादर, पवित्र पाणी शिंपडायच्या आधी एक सांगा. असलं चित्र ख्रिस्ती घरात चालतं का?"

सूनबाई पुण्याला नोकरी करतात; चित्र त्यांनीच आणले होते. त्या म्हणाल्या, "बाबा, असलं-तसलं काही नाही ते. गायतोंडे आहेत. म्युझियम क्वालिटी प्रिंट आहे."

आणि स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या बाई म्हणाल्या, "मला बाई त्यात पावसातला आपला घाटच दिसतो."

तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि तिघेही माझ्याकडे पाहू लागले. मी हसून प्रार्थनापुस्तक उघडले. धर्मगुरूला ही पळवाट नेहमीच मोकळी असते. शिवाय बाईंना "अहो, हे दृश्य नसतं, अमूर्त असतं ते" असे शिकवून मी माझ्या ज्ञानाचे प्रदर्शनही करून आलो. त्या दिवशी टाळलेली उत्तरे आता देण्याचा प्रयत्न करतो. अशी चित्रे अलीकडे आपल्या अनेक घरांत दिसू लागली आहेत, तेव्हा प्रश्न त्या एका कुटुंबाचा उरलेला नाही.

गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. चालते. अमूर्त चित्राशी ख्रिस्तसभेचे वैर नाही. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९७१ साली एक प्रार्थनागृह उघडले. त्यात मार्क रॉथको या चित्रकाराची १४ प्रचंड चित्रे आहेत, काळसर जांभळी, जवळजवळ अंधारासारखी. रॉथको जन्माने ज्यू. त्यांच्याकडून ही चित्रे करून घेणारे द मेनिल दांपत्य मात्र कॅथलिक होते. आज ते प्रार्थनागृह कोणत्याही एका धर्माचे राहिलेले नाही, पण आकृती नसलेल्या चित्रांपुढे माणूस मौन धरून बसू शकतो एवढे त्यातून पुरेसे स्पष्ट होते. तेव्हा तो वाद इथेच सोडू. माझा वाद सूनबाईंच्या 'म्युझियम क्वालिटी' या दोन शब्दांशी आहे.

प्रथम ज्यांचे नाव घेतले गेले त्या चित्रकाराविषयी. वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा, घराणे गोव्याचे. मुंबईत वाढले, १९४८ साली जे. जे. कलाशाळेची पदविका घेतली. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. १९७१ साली पद्मश्री मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते दिल्लीत स्थायिक झाले. २००१ साली वारले तेव्हा मोठ्या मराठी वाचकवर्गाला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. मग २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतल्या एका लिलावात त्यांचे चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले, २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, आणि २०१६ साली सतीश नाईक यांच्या 'चिन्ह'ने त्यांच्यावर मराठीत भला मोठा ग्रंथ काढला. किमतीमुळे नाव झाले की नावामुळे किंमत आली, हा वेगळा विषय. आपल्यापुरते इतके खरे की आता हे नाव दिवाणखान्यात उच्चारले जाते.

गायतोंडे 'अमूर्त' हा शब्द स्वतःच्या चित्रांना लावत नसत. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत. हा फरक वरवर शाब्दिक वाटतो, पण छापील प्रतीचा विचार करताना तोच कळीचा ठरतो. 'अमूर्त' म्हटले की वाटते, कोठेतरी एक मूर्त वस्तू होती, एखादा डोंगर, एखादा चेहरा, आणि चित्रकाराने तिचा आकार वितळवून टाकला. वस्तुनिरपेक्ष म्हणजे मागे कोणतीच वस्तू नाही. कॅनव्हासवर जो रंग आहे, तीच वस्तू.

आणि तो रंग कसा लावलेला असे! गायतोंडे रोलर आणि रंगसुरी वापरत. तैलरंगाचा एक थर, तो सुकण्याआधी किंवा सुकल्यावर दुसरा, मग त्यातला काही खरवडून काढलेला, कागदाचे फाटके कपटे ओल्या रंगावर दाबून उठवलेल्या खुणा, वर पुन्हा एक पातळ थर. वर्षाकाठी चित्रे थोडकीच होत. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, जयपूर हाऊसमध्ये, त्यांच्या एका मूळ चित्रासमोर मी कधीतरी उभा राहिलो होतो. दारातून पाहिले तेव्हा एकच सपाट रंग वाटला. चार पावले पुढे गेल्यावर त्या रंगाखाली दुसरा रंग दिसू लागला. आणखी जवळ गेल्यावर रंगाच्या कडा दिसल्या, बारीक, केसाएवढ्या उंच, आणि त्या कडांवर खिडकीतला उजेड अडला होता. बाहेर ढग आला आणि चित्र बदलले. बदलले हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरत नाही. कडांवरचा उजेड गेला, खालचा रंग वर आला.

आता कशेडीच्या घरातले चित्र. मी ते नीट पाहिले; चहा संपल्यावर गृहस्थांच्या परवानगीने ते भिंतीवरून उतरवून मागूनही पाहिले. काम निकृष्ट नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. कापड चांगले जाड होते, लाकडी चौकटीवर ताणून बसवलेले, कोपरे स्वच्छ. पण त्या कापडाची वीण वरपासून खालपर्यंत एकसारखी होती. मूळ चित्रात जाड रंगाखाली वीण दडते आणि पातळ रंगाखाली डोकावते. इथे ती सगळीकडे सारखीच डोकावत होती. दुसरी गोष्ट मला अधिक बोचली. चित्रात रंगाच्या कडांवर जो उजेड दिसत होता, तो छापलेला उजेड होता. ज्या खोलीत मूळ चित्राचे छायाचित्र घेतले गेले, त्या खोलीतल्या दिव्याचा तो उजेड. तो डावीकडून पडलेला होता आणि कायम डावीकडूनच पडणार होता. त्या घराची खिडकी उजवीकडे आहे. संध्याकाळी पश्चिमेचे ऊन उजवीकडून आत येईल तेव्हाही चित्रातल्या कडा डावीकडूनच उजळलेल्या राहतील. जे चित्र मुळात उजेडाशी सतत बोलण्यासाठी केलेले, ते इथे एका कुठल्यातरी दुपारी बोललेले एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहणार.

ही तक्रार आपण पवित्र चित्रांच्या बाबतीत कधी करत नाही. का करत नाही, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या कॅथलिक घरांइतकी छापील चित्रे क्वचितच कोणाच्या घरात असतील. पवित्र हृदयाचे जे रूप आपल्या डोळ्यांपुढे येते, त्याच्या मुळाशी पोम्पेओ बातोनी या इटालियन चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेले, रोमच्या जेजू मंदिरातले चित्र आहे. ते तांब्याच्या पत्र्यावर काढलेले, लहानसे, लंबवर्तुळाकार. आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिले आहे? आपण पाहिली ती प्रतीची प्रत, तिची प्रत, कोणी शिवकाशीला छापलेली, कोणी मुंबईला. कोठे गाल अधिक गुलाबी, कोठे ज्वाला अधिक लाल. १९४८ पासून माहीमला दर बुधवारी ज्या मातेची नोव्हेना होते, तिची मूळ प्रतिमा रोममध्ये आहे. १८६६ साली पोप नववे पायस यांनी ती रिडेम्प्टोरिस्ट संघाच्या स्वाधीन केली आणि तेव्हापासून तिच्या प्रती जगभर गेल्या. माहीमला गुडघे टेकणाऱ्या माणसाला आपण प्रतीपुढे आहोत याची खंत वाटत नाही.

याचे कारण इसवी सन ७८७ मध्ये निकेया येथे भरलेल्या दुसऱ्या धर्मपरिषदेने सांगून ठेवले आहे. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत थांबत नाही, तो जिची ती प्रतिमा त्या व्यक्तीकडे जातो. सेमिनरीत हे आम्हाला परीक्षेपुरते पाठ करावे लागले होते. छापखान्याच्या संदर्भात ते इतके उपयोगी पडेल असे तेव्हा वाटले नव्हते. तसबीर ही खिडकी आहे. काच थोडी गढूळ असली तरी बाहेरचे माणूस ओळखू येते.

महाडमधल्या एका घरात मी हे प्रत्यक्ष पाहिले. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा त्या घरात ते छातीपर्यंत चढले होते. चिखल काढायला आम्ही गेलो तेव्हा पवित्र हृदयाची तसबीर लगद्यासारखी झाली होती, चेहरा ओळखू येत नव्हता. पुढे कोणीतरी मुंबईहून तसलीच दुसरी आणून दिली. त्याच खिळ्यावर ती टांगली. घरातल्या आजींनी तिच्याकडे पाहून क्रूसाची खूण केली आणि विषय संपला. नवी तसबीर जुनीच झाली. त्याच कपाटातला आजींच्या लग्नाचा फोटो मात्र गेला तो गेला. त्याची प्रत कोणाकडेच नव्हती, आणि त्यासाठी त्या रडल्या.

हिंदू शेजाऱ्यांच्या घरीही हाच न्याय लागू होता. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छाप, वर तैलचित्रासारखी चमक. त्या लक्ष्मी-सरस्वती कोकणातल्या घराघरांत पोहोचल्या. मूळ तैलचित्र आणि छापील लक्ष्मी यांतला फरक जाणकाराला कळे, पण दिवाळीला हळदकुंकू वाहणाऱ्या बाईला त्याचे काही नव्हते. तिचे काम लक्ष्मीशी होते.

गायतोंडेंच्या चित्रामागे मात्र कोणी उभे नाही. ते खिडकी नाही. पाहणाऱ्याचा मान पुढे जायला तिथे दुसरी जागाच नाही. जे आहे ते त्या कापडावरच्या रंगात आहे, आणि छापताना नेमका तो रंगच मागे राहतो. म्हणून पवित्र हृदयाची दहा रुपयांची तसबीर खरी असू शकते आणि काही हजार रुपयांची 'म्युझियम क्वालिटी' प्रत खोटी ठरू शकते. हे मी किंमत पाहून म्हणत नाही.

'म्युझियम क्वालिटी' या शब्दांमागे कोणाचे प्रमाणपत्र नाही. विक्रेत्याने ते स्वतःच स्वतःला दिलेले असते. त्यात तथ्य असलेच तर इतके: कागद सुती आणि आम्लरहित असावा, म्हणजे तो वर्षांनुवर्षे पिवळा पडत नाही, शाई विद्राव्य रंगाची नसून रंगद्रव्याची असावी, म्हणजे ती उजेडात लवकर विटत नाही, आणि मूळ चित्राचे छायाचित्र उत्तम असावे. या तिन्ही गोष्टी टिकाऊपणाच्या आहेत, आणि टिकाऊपणा म्हणजे निष्ठा नव्हे. चुकीचा रंगसुद्धा शंभर वर्षे टिकू शकतो. तसे पाहता, आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथल्या भिंतींना श्रावणात जी ओल येते ती कोणत्याच संग्रहालयाने पाहिलेली नसेल. कोणी चित्र टांगणारच असेल तर मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंत आणि चौकट यांत बोटभर हवा खेळू द्यावी.

मग छापील अमूर्त चित्र घरात आणूच नये का? इतके सरसकट विधान मी करणार नाही, कारण सगळी अमूर्त चित्रे एका जातीची नसतात.

सय्यद हैदर रझा घ्या. मध्य प्रदेशात १९२२ साली जन्मलेले, मुंबईत शिकलेले, आयुष्याचा मोठा भाग फ्रान्समध्ये काढून २०१६ साली दिल्लीत निवर्तलेले. त्यांचा काळा बिंदू, त्याभोवतीचे त्रिकोण, तांबडे-पिवळे पट्टे हे स्पष्ट कडांचे आणि भरीव रंगांचे आहे. छपाईत असे चित्र कमी हरवते. शिवाय रझांच्या हयातीतच त्यांच्या चित्रांच्या मर्यादित संख्येच्या, त्यांनी सही केलेल्या छापील आवृत्त्या रेशमी जाळीतून काढल्या गेल्या. महाडला लग्नपत्रिका छापतात तीच ही रीत, अर्थात कसब निराळे: प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, आणि शाई कागदावर अंगाने बसलेली. अशा छापाला मी प्रत म्हणणार नाही. चित्रकाराने त्यावर स्वतःचे नाव घातले, म्हणजे ते त्याचे आणखी एक काम झाले.

आपल्या रायगडचे प्रभाकर बरवे यांच्याबाबतीतही असेच काहीसे वाटते. अलिबागजवळच्या नागावला १९३६ साली त्यांचा जन्म. ते पूर्णपणे अमूर्त चित्रकार नव्हेत. त्यांच्या चित्रात घड्याळ, पान, पेटी अशा वस्तू येतात, पण रिकाम्या अवकाशात, एकमेकींपासून सुटून. ते एनॅमल रंग वापरत. आपण दाराला देतो त्या जातीचा रंग, गुळगुळीत, हाताचा माग न ठेवणारा. छापील पानावर बरवे पाहताना मला फसवले गेल्यासारखे वाटत नाही. १९९५ साली ते गेले. त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे १९९० चे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी चित्र विकत घेण्याआधी ते वाचावे. खर्चही कमी येईल.

याउलट मोंद्रियान. तांबडे, निळे, पिवळे चौकोन आणि काळ्या रेघा. वाटते, याहून छापायला सोपे काय असणार? पण मूळ चित्रांत त्या पांढऱ्यावर कुंचल्याचे फटकारे असतात, कालमानाने पडलेल्या भेगा असतात, आणि काही काळ्या रेघा कडेला पोचण्याआधीच थांबतात. छपाई हे सारे धुऊन काढते आणि एका धडपडणाऱ्या माणसाच्या जागी एक फरशी उरते. त्याच्या प्रती सर्वत्र दिसतात याचे कारण त्या फरशीसारख्या कोणत्याही खोलीत बसतात, हे असावे. रॉथकोविषयी तर बोलूच नये. त्याची अंधारी चित्रे छापली की कोळसा होतो.

एक गोष्ट कायद्याची. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षे त्याच्या चित्रांवर त्याच्या वारसांचा हक्क राहतो. मोंद्रियान आणि कँडिन्स्की १९४४ साली वारले, पॉल क्ले १९४० साली. त्यांची चित्रे इथे कोणीही छापावीत. गायतोंडेंचा हक्क २०६१ सालाच्या अखेरीपर्यंत आहे, रझांचा २०७६ पर्यंत. कशेडीच्या चित्राच्या मागे जी चिठ्ठी होती तिच्यावर चित्रकाराचे नाव होते, साल होते, 'म्युझियम क्वालिटी' तर ठळक अक्षरांत होते. परवानगीचा शब्द नव्हता. मूळ चित्राचे मापही नव्हते. माप नसणे मला अधिक खटकले. पाच फुटांचे चित्र तीन फुटांचे केले की त्यातला अवकाशही आखडतो, आणि पाहणाऱ्याला ते सांगायला हवे. पवित्र हृदय खिशातल्या पाकिटातही मावते. गायतोंडे मावत नाहीत.

इथवर लिहून मी थांबलो होतो. लेख पुरा झाला असेच वाटत होते. पण डिसेंबरात आजारी माणसाला ख्रिस्तप्रसाद देऊन परतताना पुन्हा त्या घरी थांबलो, आणि बाईंनी मला अडचणीत टाकले.

सकाळची वेळ होती. त्या चित्रासमोरच्या खुर्चीत चहा घेऊन बसल्या होत्या. मी म्हटले, "अजून घाटच दिसतो का?"

"नाही फादर," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात ना, दृश्य नसतं म्हणून. मग मी घाट शोधायचा सोडला. आता रोज सकाळी नुसती बसते. हा वरचा पिवळा आणि खालचा पिवळा एक नाही, हे मला दसऱ्याच्या सुमारास कळलं."

मी वर पाहिले. खरोखरच ते एक नव्हते. वरच्यात किंचित हिरवट झाक होती. चहाच्या वेळी, चित्र उतरवून मागची चिठ्ठी वाचण्याच्या नादात, माझ्या ते लक्षात आले नव्हते.

दिल्लीला मूळ चित्रासमोर मी फार तर पंधरा मिनिटे होतो. बाई सहा महिने रोज दहा मिनिटे बसत आल्या आहेत. संग्रहालय मूळ रंग देते, पण इतका वेळ देत नाही. घर वेळ देते, आणि हे छापील चित्र, ज्याला मी वर खोटे ठरण्याच्या पंक्तीत बसवले, त्या वेळेला निदान एक जागा तरी देते. याने माझे आधीचे म्हणणे रद्द होत नाही. कडांवरचा उजेड अजूनही डावीकडूनच पडतो. पण दोन पिवळ्यांतला फरक छपाईतून वाचला आणि तो एका बाईंनी, कोणाच्या मदतीवाचून, शोधून काढला, हे मला नोंदवलेच पाहिजे. त्यांना मी जूनमध्ये जे शिकवले ते बरोबर होते आणि तरीही ज्या सुरात शिकवले तो बरोबर नव्हता. घाट दिसतो म्हणणाऱ्या बाई निदान पाहत होत्या. बाकी आम्ही सगळे त्या चित्राविषयी बोलत होतो.

गृहस्थांचा प्रश्न मात्र थोडा शिल्लक आहे, तसबिरीच्या जागेचा. जिन्याजवळ ठेवल्याने तिचा अपमान होतो असे मी मानत नाही. पण जिन्याजवळ पाच माणसांना गुडघे टेकता येत नाहीत. ही अडचण धर्मशास्त्राची नाही, बांधकामाची आहे, आणि तेवढ्यासाठी खिडकीशेजारची रुंद भिंत मी त्यांना सुचवली आहे. समोरची भिंत चित्राचीच राहू द्यावी; बाईंची खुर्ची तिथे आहे.

सूनबाईंना मी एवढेच सांगितले की विक्रेत्याला विचारून मूळ चित्राचे माप आणि परवानगीचा तपशील मिळवावा; आणि पुढच्या खेपेला सासूबाईंना मुंबईला न्यावे, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची एक वास्तू तिथे काळा घोड्याजवळ आहे, मूळ चित्रे कशी असतात ते त्यांना एकदा पाहू द्यावे. सूनबाईंनी लगेच पत्र लिहिले. परवा त्यांचा फोन आला होता. मुंबईला जायचे ठरते आहे. विक्रेत्याकडून रंग न विटण्याची हमी पुन्हा एकदा आली आहे, मापाविषयी काही नाही.